टरफल नव्हे, साल

नमस्कार. काजूच्या सालीच्या अर्कानं खाद्यतेल खवट होणं लांबवता येतं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "काजूच्या टरफलात अँटिऑक्सिडंट असतात असं बिनदिक्कत लिहिता. कुणी उकळून प्यायलं तर तोंड सोलवटेल, जबाबदार कोण?" हे मान्य, चूक माझीच. टरफलातल्या तेलातलं अ‍ॅनाकार्डिक आम्ल कातडी जाळतं. काजू फोडायला बसणाऱ्या बायका आधी हाताला तेल-राख चोळतात, ते उगाच नाही. मला म्हणायचं होतं साल. गरावरचा तो तांबूस, कागदासारखा पापुद्रा, जो गर सुकवल्यावर बोटानं सुटतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसरं, "प्रयोगशाळेत रंग उडाला म्हणजे औषध झालं का?" नाही झालं. डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट तपासायच्या चाचणीत जांभळं द्रावण पिवळं पडतं, एवढंच. पोटात गेल्यावर काय होईल ते त्यावरून कळत नाही. पण लेख पोटाबद्दल नव्हताच, तेलाबद्दल होता. तेल खवट होताना स्निग्धाम्लं आणि प्राणवायू यांची एक साखळी चालू होते. सालीतलं कॅटेचिन हे अँटिऑक्सिडंट स्वतःचा हायड्रोजन देऊन ती मध्येच तोडतं. टीबीएचक्यू हे कृत्रिम रसायनही तेच करतं, आणि खाद्यतेलात त्याला किलोमागे २०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. सालीच्या अर्कालाही मर्यादा हवीच. 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हे तुम्ही माझ्या तोंडी घातलंत, मी लिहिलेलं नाही. टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य, जास्त झालं की प्रथिनं नीट पचत नाहीत, म्हणून कोंबडीखाद्यातही साल बेतानंच घालायची.

मूठभर साल गरम पाण्यात टाकून बघा. थोड्या वेळात कोऱ्या चहाचा रंग येतो. त्यात गंजका खिळा सोडला की पाणी काळं पडतं, ते टॅनिनमुळे. (पिऊ नका, नाहीतर पुन्हा माझ्यावर येईल.) साल राहिलेला काजू जिभेला तुरट लागतो तोही याच्याचमुळे, आणि सालीसकट भाजलेले खारे काजू आपण आवडीनं खातोच की.

तिसऱ्या मुद्द्यावर, छोट्या युनिटला सालीचा अर्क काढणं परवडत नाही यावर, मात्र तुम्ही जिंकलात. १०० किलो काजूबीमागे साल जेमतेम २ किलो. दिवसाला २०० किलो बी फोडणाऱ्या युनिटला ४ किलो सालीसाठी अर्क काढायची अल्कोहोलची टाकी कशी परवडेल? दहा-वीस युनिटांची साल एका जागी आली तर काही जमेल. पण तोवर ती कोकणातल्या पावसात कोरडी राहायला हवी; बुरशी आली की सगळंच मुसळ केरात. तुम्ही धंद्यात आहात म्हणून विचारतो, जून-जुलैत सालीच्या गोणी तुम्ही ठेवता कुठे?