अण्णांचं डिझेल आणि मामांची झोप

मागच्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर परत एकदा भांडण पेटलं, आणि यावेळी विषय ना शेती ना निवडणूक, विषय ट्रक. झालं असं की माझा चुलतभाऊ समृद्धी महामार्गावरून जालन्याहून संभाजीनगरला चालला होता, मधल्या लेनमध्ये एक बारा चाकी निवांत साठच्या आत-बाहेर चाललेली, याला करकचून ब्रेक मारावा लागला, मागं पोरं बसलेली, मग चिडून यानं व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं की असल्या गाड्या समृद्धीवर घेऊच नका. त्यावर आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, ज्यांच्या स्वतःच्या तीन दहा चाकी जालन्याच्या एमआयडीसीतून सळई भरतात, त्यांनी लगेच व्हॉइस मेसेज सोडला: "पंचावन्नला चालवली की चारचं ॲव्हरेज पडतंय, पंच्याहत्तरला नेली की सव्वातीनवर येतंय. डिझेल काय तुझा बाप भरायलाय का?" (त्याचा बाप म्हणजे अण्णांचाच सख्खा भाऊ, पण असो.) मग दिवसभर दोन पार्ट्या आणि शेवटी कुणीतरी मला टॅग केलं, जर्मनीवाल्यांनो तुमच्याकडं कसं असतंय ते सांगा.

मी आठ वर्षं झाली इथं कासेलजवळ एका ट्रान्सपोर्ट कंपनीत डिस्पॅचरचं काम करतोय. कुठली गाडी कुठं, किती वाजता, कोणता ड्रायव्हर, किती तास उरलेत, हेच दिवसभर. त्यामुळं एका मेसेजमध्ये उत्तर देता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

पहिल्यांदा अण्णांची बाजू घेतो, कारण त्यांचा हिशोब बरोबर आहे. हवेचा अडथळा स्पीडच्या वर्गानं वाढतो, म्हणजे ६० ची गाडी ८० ला नेली की हवा जवळजवळ पावणेदोनपट जोर लावते, आणि आपले ट्रक तर वर ताडपत्री फडफडत, समोर सपाट तोंड, हवेला छातीवर घेत चालणारे. टायर रस्त्याला घासतात तो अडथळा मात्र स्पीडनं फारसा बदलत नाही, तो वजनावर आणि टायरमधल्या हवेच्या प्रेशरवर. त्यामुळं हळू चालवून हवेतलं डिझेल वाचतं, टायरातलं नाही, आणि दोन्ही मिळून अण्णा म्हणतात तेवढाच फरक येतो. समृद्धी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७०१ किमी, ७०० धरा. चारच्या ॲव्हरेजनं १७५ लिटर, सव्वातीननं २१५. चाळीस लिटर, नव्वदच्या भावानं ३६०० रुपये एका फेरीला. महिन्याचा हप्ता भरणाऱ्या माणसाला हे काही थोडे पैसे नाहीत.

पण त्याच फेरीचे तास मोजले का कुणी? ७५ नं सव्वानऊ-साडेनऊ तास, ५५ नं पावणेतेरा. म्हणजे साडेतीन तास जास्त. ३६०० रुपये अण्णांच्या वहीत जमा झाले, ते साडेतीन तास कुणाच्या वहीतून गेले?

इथं काय आहे ते सांगतो. साडेतीन टनाच्या वरच्या ट्रकला ऑटोबानवर, म्हणजे इथल्या मोठ्या हायवेवर, ८० ची लिमिट, आणि गाडीतच लिमिटर बसवलेला, तो ९० च्या पुढं जाऊ देत नाही. युरोपचा हा नियम १९९२ सालचा आहे, आधी मोठ्या गाड्यांना होता, मग छोट्यांनाही लावला. प्रत्यक्षात बहुतेक जण ८२ ते ८८ च्या मध्ये कुठंतरी लावून ठेवतात. आणि कार? कितीतरी ठिकाणी कारला लिमिटच नाही, १३० ची नुसती शिफारस. म्हणजे शेजारून कुणी १८० नं जातंय आणि उजव्या, म्हणजे इथल्या हळू गाड्यांच्या लेनमध्ये ट्रकची रांग ८५ नं, कुणी कुणाला बंदी घाला म्हणत नाही. कारण ट्रक उजव्या लेनमध्ये असतो आणि तिथंच राहतो. माझ्या भावाचा खरा राग तसा लेनचा आहे, स्पीडचा नाही, पण ते त्याला व्हिडिओ टाकताना सुचलं नाही. भाऊ, समृद्धीवर तीन लेन आहेत, तो ट्रक डावीकडच्या लेनमध्ये साठनं गेला असता तर तुला दिसलाही नसता. (अर्थात इथंही सगळं आलबेल नाही, ८८ ची गाडी ८६ च्या गाडीला ओव्हरटेक करायला निघते आणि मागं किलोमीटरभर कार लटकतात, जर्मन लोक याला 'हत्तींची शर्यत' म्हणतात. २००८ मध्ये कोर्टानं सांगितलं की ओव्हरटेक साधारण ४५ सेकंदात संपला पाहिजे.)

आता मुद्द्याचं. इथं ड्रायव्हरनं दिवसात ९ तासच गाडी चालवायची, आठवड्यातून दोनदा १० चालतात, आणि साडेचार तास झाले की ४५ मिनिटं थांबायचंच. गाडीत टॅकोग्राफ, म्हणजे चालवायचे तास नोंदवणारं यंत्र, त्यात ड्रायव्हरचं स्वतःचं कार्ड, मिनिटा-मिनिटाचा हिशोब. ८० गुणिले ९ म्हणजे ७२०. अख्खी समृद्धी म्हणजे इथल्या ड्रायव्हरचा एक पूर्ण दिवस, आणि नंतर गाडी बंद. आता कल्पना करा की माझ्या कंपनीच्या मालकानं ठरवलं, डिझेल वाचवू, ५५ नं चालवा. ९ तासात ४९५ किमी. उरलेले २०० दुसऱ्या दिवशी. म्हणजे चाळीस लिटर वाचवायला गाडीचा आणि ड्रायव्हरचा अर्धा दिवस गेला, आणि ड्रायव्हरला पगार महिन्याचा. जितके जास्त किमी तितके जास्त पैसे, असा पगार जर रस्त्यावरच्या सुरक्षेला धोका करत असेल तर तो इथं कायद्यानंच बंद आहे. मालक असला उद्योग करणार नाही, तो ८२ ला लावेल आणि गप्प बसेल. आपल्याकडं ५५ परवडतं कारण ड्रायव्हरचे तास फुकट आहेत. बास, माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याचाच फापटपसारा.

मागच्या दिवाळीत सुट्टीला आलो तेव्हा मुद्दाम अण्णांच्या गाडीत बसून सोलापूरला गेलो. अंबड, शहागड, गेवराई, बीड, मांजरसुंबा, असं. गाडीवर ड्रायव्हर म्हणून जे मामा आहेत ते अण्णांकडं खूप वर्षांपासून. अण्णांचा नियम साधा, फेरीचं डिझेल चारच्या ॲव्हरेजनं मोजून देणार, त्याच्या वर लागलं तर भत्त्यातून कापणार. आणि माल मागवणाऱ्या पार्टीचा नियम, माल सकाळी गेटवर पाहिजे. मामा दुपारी लोडिंगला उभे होते, गाडी भरली रात्री नऊला. मग काय, ५५ च्या वर जायचं नाही, उशीर करायचा नाही, मग कापायला उरतं काय, झोप. रात्री अडीच-तीनच्या सुमाराला चौसाळ्याच्या पुढं बघितलं तर मामांनी खिडकीची काच पूर्ण खाली केलेली, थंडीत, आणि एक हात बाहेर काढून ओल्या फडक्यानं तोंड पुसत होते. मी म्हटलं मामा, अर्धा तास आडवे व्हा की. म्हणाले, "आडवा झालो की सकाळच व्हतीय बघ."

येताना सिमेंट होतं. मांजरसुंब्याचा घाट बीडच्या बाजूला उतरताना मामांनी गिअर काढून गाडी न्यूट्रलला टाकली. डिझेल वाचतंय म्हणे. ब्रेकचा जळका वास केबिनमध्ये यायला लागला तेव्हा मी सीटला घट्ट धरून बसलो होतो, खरं सांगतो. गंमत म्हणजे आजकालच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून उताराला एक्सलेटर सोडला की डिझेल जातच नाही, शून्य, आणि इंजिन गाडीला धरूनही ठेवतं. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला थोडं का होईना डिझेल जातंच आणि सगळा भार ब्रेकवर.

पण त्याहून मोठी गंमत इथली. कासेलच्या आजूबाजूला डोंगर आहेत, ए७ हायवे तिथून वर-खाली करत जातो, आणि मी एकदा आमच्या एका ड्रायव्हरसोबत बसलो तर डॅशबोर्डवर दिसलं की गाडी स्वतःच न्यूट्रलला गेली! हलका उतार होता, गाडीला जीपीएसवरून पुढचा चढ-उतार आधीच माहीत असतो, म्हणून टेकडीच्या माथ्याआधीच जोर कमी करते, हलक्या उताराला न्यूट्रलमध्ये घरंगळते, आणि उतार जास्त झाला की आपणहून गिअर धरून रिटार्डर, म्हणजे चाकांचे ब्रेक न वापरता गाडी धरणारं यंत्र, लावते. म्हणजे मामांची आयडिया अगदीच चुकीची नव्हती, जागा चुकीची होती. तो ड्रायव्हर, साठीला आलेला माणूस, साडेचार तास भरायच्या आत पार्किंगला लागला, थर्मास काढला, ब्रेड खाल्ला आणि खुर्ची मागं टाकून डोळे मिटले. मी त्याच्या कंपनीचा माणूस, मला उशीर होत होता, तरी मी काही बोलू शकलो नाही. पंचेचाळीस मिनिटं त्या केबिनमध्ये त्याचं घोरणं ऐकत बसलो.

डिझेलचं म्हणाल तर अण्णांना एक हिशोब अजून देतो. साडेअठ्ठावीस टनाची गाडी उभी असताना ६० पर्यंत न्यायला साधारण पाव लिटर डिझेल लागतं. नुसतं न्यायला. आता जालन्याच्या आजूबाजूच्या कुठल्याही रस्त्यावर गावागणिक गतिरोधक मोजा, त्यातले निम्मे बिनपट्ट्यांचे, जवळ आल्यावरच दिसणारे, मग दाबला ब्रेक, पाव लिटर गेलं. चाळीस वेळा असं झालं की दहा लिटर. लांबून बघून एक्सलेटर सोडला तर यातलं बरंच वाचतं, पण लांबून बघायला डोळे उघडे लागतात, आणि रात्री तीनला मामांचे डोळे कसे होते ते मी वर लिहिलंय. टायरमधली हवा पण तशीच, फेरी निघताना कुणी मोजत नाही. हे सगळं सोडून नुसतं ५५ चं पालुपद.

कायदा आपल्याकडं नाही असं नाही. मालवाहू गाड्यांना ८० चा गव्हर्नर, म्हणजे आपला लिमिटर, २०१५ पासून आहे, तो बंद करायला कुठली वायर काढायची हेही सगळ्यांना माहीत आहे. ड्रायव्हरचे दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८, हे १९६१ च्याच कायद्यात लिहिलं गेलं. पण ते मोजणारं यंत्र गाडीत नाही. फास्टॅगमुळं कुठली गाडी कुठल्या टोलवर किती वाजता गेली ते मालकाच्या मोबाईलवर मिनिटात येतं, पण गाडीत तोच ड्रायव्हर किती तासांपासून बसलाय ते कुठंच येत नाही.

इथलं गुणगान करतोय असं वाटू नये म्हणून सांगतो, २०२३ मध्ये ग्रेफेनहाउझेनच्या हायवे पार्किंगवर जॉर्जिया, उझबेकिस्तानकडचे ड्रायव्हर आठवडेच्या आठवडे गाड्या उभ्या करून संपावर बसले होते, पगार मिळाला नव्हता म्हणून. एकदा नाही, त्याच वर्षात दोनदा. रात्री पार्किंगला जागा मिळत नाही म्हणून ड्रायव्हर उतरायच्या रॅम्पवर गाडी लावतात, तेही बघतो मी रोज. टॅकोग्राफ तास मोजतो, माणूस किती आठवड्यांनी घरी गेला ते बघत नाही.

अण्णांना हे सगळं फोनवर सांगितलं. रविवारी इथं साडेसात टनाच्या वरच्या गाड्या रात्री दहापर्यंत बंद असतात हे ऐकून ते हसायलाच लागले, "गाडी उभी केल्यावर हप्ता काय तुझी जर्मनी भरणार का?" मी म्हटलं अण्णा, रविवार राहू द्या, तुम्ही ५५ च ठेवा, फक्त बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, पोचायची वेळ ५५ च्या हिशोबानं लिहा, सकाळऐवजी दुपार, मध्ये मामांची चार तासांची झोप धरून. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी लिहितो की. पार्टीला तू फोन लाव. मी लावला तर ते दुसरी गाडी बघतेत."

पार्टीचा नंबर त्यांनी पाठवलाय. अजून लावला नाही मी.