फणसापासून विहिरीपर्यंत

आमच्या देवगडकडच्या घराच्या सातबाऱ्यावर २३ नावं आहेत, त्यातली ९ वर गेलीत, ६ डोंबिवली-विरारला, दोघांचा पत्ता फक्त गणपतीत लागतो आणि उरलेले आम्ही एकमेकांशी बोलत नाही.

कारण आजोबांनी वाटणी तोंडी केली. खळ्यात उभं राहून हात लांब केला, "फणसापासून विहिरीपर्यंत थोरल्याचा, विहिरीपासून गडग्यापर्यंत धाकट्याचा." झालं! कागद नाही, मोजणी नाही. मग २०२१ च्या मे महिन्यात तौते वादळ आलं नि फणस आडवा. आता फणस नेमका कुठे होता यावर बाबांचं एक मत, काकांचं दुसरं, मधे साडेतीन कलमांचं अंतर. अर्धं कलम कसलं ते विचारू नका, हापूस म्हटल्यावर आमच्यात फांद्यासुद्धा मोजतात.

तर पुढच्या पिढीला असला ताप नको म्हणून मी ठरवलं, बाबांचं मृत्युपत्र करून टाकायचं. गणपतीत सगळे घरी, जेवणं झालेली, बाबा पडवीत सुपारी कातरत बसलेले, मूड बरा बघून विषय काढला. 'मृत्यु' एवढंच तोंडातून निघालं नि आतून आई, "मेल्या, गणपती घरात आसत, शुभ बोल!" बाबा अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "माका काय झालाहा? परवाच माडावर चढलंय." (चढले नव्हते. खालून ओरडत होते.)

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, बाबा, कागदपत्रांची फाइल लावूया. लगेच बसले. पत्र्याच्या ट्रंकेतून विम्याची पॉलिसी निघाली, तिच्यावर नॉमिनी आजी, जिचं वर्षश्राद्ध होऊनही आता १५ वर्षं झाली. "एफडीवर तुझा नाव लावलंय ना, मगे ती तुझीच," असं बाबा मला ऐटीत सांगत होते तेवढ्यात मी बोलावून ठेवलेले वकील म्हणाले, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हो, तो बँकेतून पैसे घेणार नि वारसांना देणार, सुप्रीम कोर्टाने २०१० साली सांगितलंय. ताई नुसतं "अस्सं" म्हणाली. मग बाबांनी अख्खं घर माझ्या नावावर करायची घोषणा केली, तर वकील म्हणे सामाईकातला फक्त तुमचा हिस्सा देता येईल, आणि वडिलोपार्जितमध्ये २००५ पासून मुलगीही मुलाच्या बरोबरीची. ताई परत "अस्सं". दोन अस्संमध्ये माझं निम्मं घर गेलं.

बाकी कायदा सोपा निघाला. साधा कागद चालतो, स्टॅम्प नको, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं. फक्त दोन साक्षीदार हवेत, सही होताना समोर बघणारे. बाबांनी आपले पत्त्यांचे दोस्त बोलावले, एक ८१ चे, दुसरे ८४ चे. आता यांच्या साक्षीची गरज लागेल तेव्हा यांना हाक मारायला जायचं कुठे? शेवटी मेडिकलवाला नि शाळेतले मास्तर बसवले, दोघे चाळिशीतले. वकिलांनी डॉक्टरांचा दाखलाही घ्यायला सांगितला, डोकं शाबूत असल्याचा, तर बाबा दोन दिवस डॉक्टरांशी बोलले नाहीत.

मजकूर तीन पानं झाला. जमीन, घर, बँक मिळून अर्धं पान. बाकी समई कोणाला, पाट किती, आणि आंबे काढायचा झेला मला. तो झेला चार वर्षांपूर्वी काकांनी नेलाय, म्हणजे बाबांनी मला वारशात काकांशी भांडण दिलंय, तेही दोन साक्षीदारांसमोर.

सह्या झाल्या, चहा-भजी झाली. निघताना वकील सहज बोलून गेले, "हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं ते खरं." नको होतं बोलायला. बाबांनी चष्मा लावून परत एकदा विचारून घेतलं, "कितीही वेळा?"

काल बाजारात सुरमई नव्हती म्हणून मी बांगडे आणले. बाबांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नि शांतपणे म्हणाले, "मेडिकलवाल्याक हाक मार."