तो पंप फक्त कॅन्सरचा नाही

'केमो फेल का होते? कॅन्सरच्या पेशीत एक पंप असतो, तो औषध बाहेर फेकतो. रोज हळद-मिरीचा काढा घ्या, पंप बंद! डॉक्टर हे सांगणार नाहीत.' हा मेसेज सध्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय.

पंप असतो, एवढं खरं. नाव पी-ग्लायकोप्रोटीन. १९७६ साली ज्युलियानो आणि लिंग या शास्त्रज्ञांनी कोल्चिसिन या औषधाला दाद न देणाऱ्या हॅम्स्टरच्या पेशींच्या पटलात तो हुडकला.

पण तो कॅन्सरच्या मालकीचा नाही. आतड्याचं अस्तर, यकृत, मूत्रपिंड, मेंदूतल्या रक्तवाहिन्या, गरोदर बाईची वार, सगळीकडे तो पहाऱ्यावर असतो. जुलाबावरची लोपेरामाइड अफूच्याच जातकुळीतली, तरी नेहमीच्या डोसात नशा चढत नाही. हा पंप तिला मेंदूत टिकू देत नाही. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत त्याचं जनुकच बिघडलेलं असतं. त्यांना आयव्हरमेक्टिन हे जंतावरचं औषध जरा जास्त झालं की जिवावर बेततं.

प्रतिकारशक्तीचं तर मेसेजमध्ये नावही नाही. कॅन्सरच्या पेशी टिपून मारणाऱ्या टी-पेशींतही हाच पंप असतो. तो नसलेल्या उंदरांत संसर्गाच्या वेळी या पेशींची फौज नीट उभी राहत नाही, असं दिसलंय. आतड्यातला पंप गेलेल्या उंदरांना आपसूक आतड्याचा दाह झाला, आणि प्रतिजैविकं दिल्यावर तो टळला. म्हणजे सरसकट पंप बंद करायचा तर आपल्याच शिपायांच्या ढाली काढून घ्यायच्या!

'डॉक्टर सांगणार नाहीत' हे सगळ्यात खोटं. पंप अडवायचे प्रयत्न डॉक्टरांनीच केले; १९८१ मध्ये रक्तदाबाच्या व्हेरापॅमिल या औषधापासून सुरुवात झाली. मग वाल्स्पोडार, झोसुक्विडार, टॅरिक्विडार ही पंप अडवणारी औषधं आली. मोठ्या चाचण्यांत अपेक्षित फायदा दिसला नाही, आणि हे सगळं छापून आलंय. पंप अडला की काही केमो औषधं शरीरातून निघायलाही वेळ लावतात, म्हणून डोसच कमी करावा लागतो. शिवाय सिस्प्लॅटिनसारख्या केमो औषधांना हा पंप हातच लावत नाही.

राहिली मिरी. तिच्यातलं पायपरीन प्रयोगशाळेत पंप अडवतं, कबूल. फोडणीतल्या हळदीशी माझं काही भांडण नाही. भीती वाटते ती कॅप्सूलची आणि वाटीभर काढ्याची. नेदरलँड्समध्ये टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांना हळदीतलं कर्क्युमिन आणि पायपरीन एकत्र देऊन पाहिलं. निकाल २०१९ साली आले: रक्तात औषधाचं जे रूप खरं काम करतं, ते वाढलं तर नाहीच, उलट सुमारे १२ टक्क्यांनी घटलं.