‘पाच मिनिटांत निकाल’ या रिव्ह्यूबद्दल दुकानाकडून

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आमच्याकडच्या मुलाने काउंटरवर चार लोकांसमोर ‘ही तर रीइश्यू आहे’ (म्हणजे जुन्या मॉडेलची नंतर काढलेली आवृत्ती) असं मोठ्याने म्हटलं, ते चुकलंच. वडिलांची गिटार ‘बासष्टची’ म्हणून घेऊन आलेल्या माणसाशी असं बोलायचं नसतं. मनापासून माफी मागतो. त्यालाही समज दिली आहे.

पण ‘पाच मिनिटं उलटसुलट करून पाहिली, व्हिंटेज नाही म्हणाले आणि तपासणीची फी घेतली’ हे वाचून रात्री झोप लागली नाही. तुम्ही चारला आलात आणि सव्वापाचला गेलात. मधला बराच वेळ तुम्ही बाहेर फोनवर होतात, त्यामुळे आत काय चाललं होतं ते तुमच्या नजरेस पडलं नसेल.

नेकप्लेटवरचा, म्हणजे नेक (गिटारचा दांडा) बॉडीला जोडणाऱ्या पत्र्यावरचा नंबर ‘व्ही’ने सुरू होतो, हे मात्र पहिल्या मिनिटातच दिसलं. फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीने १९८२ मध्ये आपल्या १९६२ च्या स्ट्रॅटोकास्टर मॉडेलची आवृत्ती पुन्हा काढली, तिच्या नंबरात हे अक्षर येतं. मूळ १९६२ च्या गिटारवर ते नसतं. मी तिथेच थांबलो असतो तर तुमची पाच मिनिटं खरी ठरली असती. पण प्लेट चार स्क्रूंवर असते, कुणीही बदलू शकतं. म्हणून तारा सैल करून पिकगार्ड (बॉडीवरचं प्लास्टिकचं आवरण) उचललं. तीनपैकी दोन पॉट्सवरचे (आवाज-टोनच्या बटणांखालच्या भागांवरचे) आकडे वाचता आले: १३७८९२३. यातले १३७ म्हणजे ते भाग बनवणारी सीटीएस कंपनी, ८९ म्हणजे १९८९ साल आणि २३ म्हणजे त्या वर्षातला तेविसावा आठवडा. सोल्डर कारखान्यातलं, कुणी छेडलेलं नाही. मग गिटार त्या आठवड्याच्या आधीची असूच शकत नाही. नेकच्या टाचेवरची, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावरची तारीखही पाहायची होती. तुम्ही ‘नेक काढू नका’ म्हणालात, नाही काढला.

पिकगार्डखाली आणखी एक गोष्ट दिसली. स्क्रूच्या भोकात लाल रंग उतरलेला आणि त्याच्या कडेला खालचा सनबर्स्ट (कडेला गडद होत जाणारा मूळ रंग) डोकावत होता. म्हणजे गिटार नंतर रंगवली आहे. हे मी तुम्हाला टॉर्च धरून दाखवलं होतं. रिव्ह्यूमध्ये त्याचा उल्लेख नाही.

व्हिंटेज कधी म्हणायचं याचा कुठे कायदा नाही. धंद्यात साधारण ३० वर्षं धरतात, त्या हिशोबाने तुमची गिटार बसते आणि मी तसं म्हणालोही होतो. पण नुसत्या वयाने संग्राहक येत नाहीत. ते आधी विचारतात की कुठल्या काळातली आणि मूळचं किती शिल्लक आहे. जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीकडे गेली, त्याआधीच्या गिटारींना मान वेगळाच. त्यातसुद्धा एखादी पुन्हा रंगवलेली निघाली तर किंमत ढोबळमानाने निम्म्यावर येते. रीइश्यू म्हणजे नकली, असं तर मी कधीच म्हणणार नाही. १९८२ ते १९८४ मधल्या, फेंडरच्या कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या कारखान्यातल्या रीइश्यू आज लोक शोधत फिरतात. तुमची त्यानंतरची, तिथल्याच कोरोना गावच्या कारखान्यातली. वाजवायला उत्तम आहे, नेक सरळ आहे, फ्रेट्स अजून बरीच वर्षं जातील. हेही मी सांगितलं होतं.

‘वडिलांना खोटं ठरवलं’ हे वाक्य सगळ्यात जास्त लागलं. मी असं म्हटलेलं नाही. त्यांना ती ‘बासष्टची’ म्हणून कुणीतरी विकली. विकणारा मॉडेलबद्दल बोलत असेल आणि त्यांनी साल समजून घेतलं असेल. मी ‘१९६२’ लिहून दिलं असतं, तर पुढे घेणारा तुमच्या दारात उभा राहिला असता आणि तुमच्यामागोमाग माझ्याही. एवढी वर्षं लोक माझ्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून व्यवहार करतात. माझ्याकडे दुसरं भांडवल नाही.

यापुढे तपासणी ग्राहकासमोरच करायची असं ठरवतोय, फोटोही देता येतील का ते बघतो. बसण्याच्या जागेचंही काहीतरी करू.

नेक उघडायची तयारी झाली तर गिटार घेऊन या. टाचेवरची तारीख तुमच्यासमोर वाचू, फी घेणार नाही. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, स्टारही एकच राहू द्या. फक्त ती ‘पाच मिनिटं’ तेवढी दुरुस्त करा, ही विनंती.