चार ओळींचं मृत्युपत्र पुरतं, पण कधी?

मृत्युपत्राच्या प्रकारांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मृत्युपत्र म्हणजे मृत्युपत्र, त्याचे आठ प्रकार पाडून मी लोकांना विनाकारण घाबरवलं. तुमच्या काकांनी वहीच्या पानावर चार ओळी लिहिल्या आणि सगळं सुरळीत पार पडलं. शिवाय 'लिव्हिंग विल' मी उगाच त्या यादीत घुसडलं.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तिथे चूक माझीच आहे. लिव्हिंग विलचा मालमत्तेशी काडीचा संबंध नाही. आपण बोलण्याच्या स्थितीत नसलो, तर कोणते उपचार करावेत आणि कोणते थांबवावेत, हे त्यात लिहितात. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं, हे तो जिवंत असतानाच. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. नावात 'विल' आहे म्हणून मी ते एकाच माळेत ओवलं, तसं करायला नको होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता काकांचं पान. त्यावर कुणी हरकत घेतली नाही, म्हणून ते चाललं. पण ते कायद्यात बसत होतं की नाही, हे त्यावरून कळत नाही, कारण ती वेळच आली नाही. वाद झाला की प्रश्न उभे राहतात: अक्षर त्यांचंच कशावरून? सही करताना ते शुद्धीवर होते का? कुणी बळजबरी केली का? उत्तर देऊ शकणारा एकमेव माणूस तर गेलेला असतो. त्याच्या जागी कागदाला आणि साक्षीदारांना बोलावं लागतं. कुणाचं बोलणं किती ग्राह्य धरायचं हे प्रत्येक कायद्याने आपापलं ठरवलं, आणि बरेचसे प्रकार त्यातूनच आले.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातली जून १९४८ मधली घटना बघा. सेसिल जॉर्ज हॅरिस हा शेतकरी आपल्याच ट्रॅक्टरखाली अडकला. तासन्‌तास सुटका होईना, तेव्हा त्याने खिशातल्या चाकूने ट्रॅक्टरच्या मडगार्डवर कोरलं, की या संकटात माझा मृत्यू झाला तर सगळं बायकोला. खाली नाव. लोकांनी त्याला बाहेर काढलं, पण तो वाचला नाही. ती अक्षरं पुढे काही दिवसांनी कुणाच्या तरी नजरेस पडली. पत्र्याचा तेवढा भाग कापून न्यायालयात नेला आणि ते मृत्युपत्र ग्राह्य ठरलं, कारण तिथला कायदा स्वहस्ताक्षरातलं, सही असलेलं मृत्युपत्र साक्षीदारांशिवाय मानतो. फ्रान्स-जर्मनीतही हा प्रकार चालतो.

तेच शब्द भारतात कोरले असते तर? १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार सामान्य माणसाच्या मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात. (मुस्लिम व्यक्तिगत कायद्याचे नियम वेगळे आहेत.) मोहिमेवर किंवा युद्धात असलेला सैनिक वा हवाई सैनिक आणि समुद्रावरचा खलाशी यांनाच सवलत आहे, त्यांचं तोंडी मृत्युपत्रसुद्धा चालतं. बाकीच्यांचं अक्षर कितीही ओळखीचं असो, साक्षीदार नसतील तर तो कागद मृत्युपत्र ठरत नाही. नोंदणी मात्र सक्तीची नाही आणि स्टॅम्पपेपरही लागत नाही, साधा कागद पुरतो. तेवढ्यापुरते काका बरोबर होते.

मला खरी काळजी वाटते ती नवरा-बायकोच्या मृत्युपत्रांची. तुम्ही लिहिलंत, 'दोघांनी मिळून एकच लिहिलं की झालं.' संयुक्त मृत्युपत्र म्हणजे दोघांची इच्छा एकाच कागदावर. परस्पर मृत्युपत्रांत त्याहून जास्त काही असतं: आधी मी तुला देतो, मग तू मुलांना द्यायचं, आणि हे बदलायचं नाही, असा दोघांमधला करार. समजा, दोघांचंही दुसरं लग्न आहे आणि दोघांना आधीची मुलं आहेत. नवरा गेला, सगळं बायकोकडे आलं, पाच वर्षांनी तिने नवं मृत्युपत्र करून सगळं आपल्याच मुलांना दिलं. करार नव्हता, तर नवऱ्याच्या मुलांच्या हाती काहीच लागत नाही. करार होता आणि तिने नवऱ्याचा वाटा स्वीकारला होता, तर ती बांधली गेली. इंग्लंडमध्ये १७६९ सालीच 'डुफोर विरुद्ध परेरा' खटल्यात हे ठरलं. पण करार होता हे शाबीत कसं करणार? कागदावर एक वाक्य नसेल, तर मुलांनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. फ्रान्समध्ये तर दोघांनी एकाच दस्तात मृत्युपत्र करायलाच मनाई आहे. जर्मनीत ते पती-पत्नींना करता येतं. म्हणजे जे एका देशात सर्रास चालतं, ते दुसऱ्या देशात रद्दी.

लोकांना वकिलाकडे पळवायचा माझा हेतू नव्हता. घर एक, वारस एक, कुणाशी वाकडं नाही, तर चार ओळी आणि दोन साक्षीदार पुरेत. साक्षीदार शक्यतो आपल्यापेक्षा तरुण घ्या आणि ज्यांना वाटा मिळणार आहे त्यांना साक्षीला बसवू नका. वाद कोर्टात गेला तर साक्षीदारांपैकी निदान एकाने उभं राहून 'सही माझ्यासमोर झाली' असं सांगावं लागतं, आणि नोंदणी केलेल्या मृत्युपत्रालाही हे चुकत नाही.

काकांचं ते पान अजून घरात असेल, तर खाली दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत का, एवढं बघून मला कळवाल का?