ताण घेऊ नका, क्रियापद बदला

सांगलीत राहून तुम्ही गे असाल किंवा ट्रान्सजेंडर असाल, तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्या: ताण तुम्हाला नाही, काकूंना आहे. मंगल कार्यालयाच्या पंगतीत तुमचं वय ऐकून त्यांच्या घशाखाली जिलबी उतरत नाही आणि तुम्ही खुशाल मठ्ठा पिताय. जरा लाज बाळगा. पर्समधून मुलीचा बायोडाटा निघाला की दोन्ही हातांनी घ्या, "पत्रिका बघून सांगतो" म्हणा. मंगळ आजवर आपल्या किती जणांच्या मदतीला धावलाय, त्याचं त्याला माहीत.

घरचे डॉक्टरकडे नेतील. जा. समलैंगिकता हा आजार नाही, असं मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनं 2018 मध्येच सांगितलंय, पण तपासणी टेबलावर बसून डॉक्टरांना शिकवू नये, त्यांचं बीपी वाढतं. मला एकांनी रोज पहाटे पळायला सांगितलं. पळतोय. चार किलो उतरले, बाकी सगळं जिथल्या तिथं आहे.

कायद्याचं तर नावच काढू नका. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपलं लिंग आपणच सांगायचा हक्क दिला, 6 सप्टेंबर 2018 ला समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून आपल्याला सोडवलं, पण ते दिल्लीत. दिल्लीची गाडी उशिरा का होईना मिरजेला लागते. निकाल बहुतेक वाटेतच उतरले. 17 ऑक्टोबर 2023 ला मात्र लग्नाचा हक्क मिळाला नाही, ही बातमी त्याच संध्याकाळी आमच्या बोळात पोचली होती.

खोली भाड्यानं हवी असेल तर परडी घेऊन जा. थट्टा नाही. यल्लम्मा देवीचा जग, म्हणजे मूर्तीची टोपली, डोक्यावर घेऊन देवीला सोडलेला साडीतला जोगता दारात आला की घरमालकीण बाई पदर सावरून पाया पडतात, कपाळाला भंडारा लावून घेतात. माझी मैत्रीण तशीच साडी नेसून, हातात डिपॉझिट घेऊन त्याच दारात गेली तर "आमच्यात चालत नाही." परडीत खोली पडणार नाही, पण पसाभर जोंधळे तरी पडतील.

आता मुख्य इलाज, व्याकरण. आपल्या भाषेत साधं घरी आलं तरी उंबऱ्यावरच ठरवावं लागतं, आलो की आले. ही मैत्रीण विश्रामबागेत कामावर 'आले' असते आणि गावभागात घरी पोचली की 'आलो'. मध्ये एक रिक्षा. ओढणी पिशवीत जाते, टिकली रिक्षाच्या दांडीला चिकटते. रिक्षावाले मामा ओळखीचे आहेत, काढत नाहीत. तिला मी सांगितलं, कर्ताच गायब कर. 'मी जेवले' नको, 'जेवण झालं' म्हण. 'मी निघालो' नको, 'निघायला पाहिजे' म्हण. भावे प्रयोग शाळेत कशाला शिकवत होते, ते तेव्हा कळलं. माझंही त्यावरच भागतं. सहा वर्षं एकच रूममेट कसा टिकला, असं शेजारी विचारतात. भाडं वाचतं, म्हणतो.

आणि रात्री छातीवर फारच दडपण आलं तर 14416 लावा. टेलिमानस, मनाच्या ताणासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नंबर काकूंनाही द्या, गरज त्यांना जास्त.

परवा आम्ही आयर्विन पुलावर भडंग खात उभे होतो. मैत्रिणीला घरून फोन आला. तिची आई गेली तीस वर्षं "जेवलास का?" विचारते. ह्या वेळी "जेव..." म्हणून थांबली. मैत्रिणीनं फोन कानाला घट्ट दाबला. पुलावरून एक एसटी गेली, मग पलीकडून आवाज आला, "जेवण झालं का?"

"झालं," ती म्हणाली, आणि भडंगाची पुडी माझ्या हातात देऊन नदीकडे तोंड करून उभी राहिली.