'जशी कापली तशी वाजते' म्हणे!

लिनियर ट्रॅकिंग टोनआर्म, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरवर सुई धरून सरळ रेषेत सरकणारा हात, विकणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं: "मॅडम, रेकॉर्ड जशी कापली जाते ना, तशीच ही सुई ती वाजवते." हे वाक्य पुन्हा कुणी माझ्यासमोर उच्चारलं तर मी ऐकून घेणार नाही. ते अर्धंच खरं आहे, आणि गाळलेल्या अर्ध्याची किंमत मी केव्हापासून मोजतेय. लाखाच्या वर रुपये मोजून झाले, आता रात्री मोजतेय.

खरा अर्धा भाग आधी सांगते, म्हणजे मला या आर्मचा राग आहे असं कुणी समजू नये. रेकॉर्ड कापताना लेथवरचं, म्हणजे खाच कोरणाऱ्या यंत्रावरचं, कटिंग हेड कडेपासून मध्याकडे सरळ त्रिज्येवरून सरकतं. नेहमीचा टोनआर्म मात्र एका टोकाशी जखडलेला असतो, त्यामुळे सुई कमान काढत आत येते. खाचेशी तिचा कोन पूर्ण बाजूभर फक्त दोनच ठिकाणी अचूक जुळतो. नेहमीच्या बेअरवाल्ड मांडणीत ही ठिकाणं केंद्रापासून 66 आणि 121 मिलिमीटरवर येतात, बाकी सगळीकडे थोडी-थोडी चूक. शिवाय आर्मला बाक दिलेला असल्यामुळे सुई सतत आत ओढली जाते, ती ओढ मारायला अँटिस्केटिंग लावायचं. सरळ रेषेत सरकणाऱ्या आर्मला ही दोन्ही दुखणी नाहीत. मान्य, शंभर टक्के मान्य.

आणि ख्याल ऐकणाऱ्याला याची गरज सगळ्यात जास्त आहे. विलंबित कडेला सुरू होतं, द्रुत लेबलजवळ येते. कडेला सुईखालून सेकंदाला 51 सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम 21. म्हणजे गवय्याच्या सगळ्यात वेगवान ताना सगळ्यात कमी जागेत कोंबलेल्या. रॉकच्या रेकॉर्डवर शेवटचं गाणं हळुवार ठेवून ही अडचण टाळता येते. आपल्याकडे बंदिश जिथे चढते तिथेच खाच संपत आलेली असते. तिथे कोनात जरा चूक झाली की तार षड्ज फाटतो. म्हणून मी हा आर्म घेतला, चूष म्हणून नाही.

आता गाळलेला भाग. लेथवरचं ते हेड आपोआप सरकत नाही. त्याला लीडस्क्रू, म्हणजे पुढे सरकवणारा लांब आट्यांचा दांडा, असतो आणि तो फिरवायला मोटर असते. माझ्या आर्मला मोटर नाही. काचेची एक दांडी, तिच्यावर बारीक बेअरिंगच्या चाकांवर चालणारी गाडी, गाडीच्या पोटाशी कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी. मग ही गाडी ओढतं कोण? सुई! बारीक तारेएवढ्या कँटिलिव्हरच्या, म्हणजे कार्ट्रिजमधून निघणाऱ्या इवल्याशा काडीच्या, टोकाशी बसलेला हिऱ्याचा कण खाचेची भिंत ढकलेल तशी अख्खी गाडी ओढत नेतो. हे विकताना कुणी सांगतं का? माहितीपत्रकात एक ओळ आहे का?

एकदा हे कळलं की बाकीचं गणित कुणीही कागदावर करू शकतं. गाडी कार्ट्रिजसकट साधारण 50 ग्रॅम, रेल, म्हणजे ती काचेची दांडी, 20 सेंटिमीटर. रेलचं एक टोक फक्त 1 मिलिमीटर खाली असलं तर गाडीला उताराकडे ओढणारा जोर पाव ग्रॅम होतो. माझ्या कार्ट्रिजचा सुईवरचा भारच पावणेदोन ग्रॅमचा आहे. साध्या आर्ममधली आतली ओढ भाराच्या दहाएक टक्के धरतात, म्हणजे पावणेदोनशे मिलिग्रॅम. जी ओढ नको म्हणून लाख रुपये घालवले, तिच्याहून मोठी ओढ एका मिलिमीटरने परत आणली! आणि समतल बघायला डब्यात काय दिलंय, तर गोल बुडबुड्याची एक प्लास्टिकची चकती. ती अर्धा अंश कलली तरी बुडबुडा वर्तुळातच बसलेला असतो. अर्धा अंश म्हणजे या रेलवर पावणेदोन मिलिमीटर. अहो, साधा गवंडी ओटा घालताना याच्यापेक्षा बरी पाणसळ वापरतो!

दुकानाने "इन्स्टॉलेशन फ्री" म्हणून एक मुलगा पाठवला होता. चहा संपायच्या आत तो लावून मोकळा झाला. मोबाईल काढला, प्लॅटरवर, म्हणजे फिरत्या तबकडीवर, ठेवला, अ‍ॅपवर शून्य दाखवलं, "झालं." प्लॅटर समतल म्हणजे रेल समतल, हे कुणी शिकवलं याला? रेल वेगळ्या खांबावर उभी आहे, तिचे स्क्रू वेगळे आहेत. सुई उचलून गाडीला बोटाने हलकेच ढकललं असतं तरी त्याला दिसलं असतं. गाडी सोडली की स्वतःहून स्पिंडलकडे, म्हणजे मधल्या खुंटीकडे, चालू लागत होती, माझ्या डोळ्यांदेखत. दुकानात फोन केला तर पलीकडून, "सरांना द्या ना जरा फोन." सर कोण? आर्म माझा, पैसे माझे, कान माझे. डोक्यात तिडीक गेली.

समतलाचं तरी स्क्रू फिरवून जमतं. रेलची जागा हा त्याहून मोठा छळ आहे. सुईची वाट स्पिंडलच्या बरोबर मध्यातून जायला हवी. ती 1 मिलिमीटर बाजूने गेली तर लेबलजवळ, 60 मिलिमीटरवर, कोन जवळजवळ एक अंशाने चुकतो. तिथून 6 मिलिमीटर बाहेर साध्या आर्मची चूक शून्यावर असते! म्हणजे द्रुतीसाठी घेतलेला आर्म द्रुतीलाच साध्या आर्मपेक्षा वाईट. आणि तो मिलिमीटर गाठायला उत्पादकाने काय दिलं? एक लांबट भोक आणि एक अ‍ॅलन बोल्ट. बोल्ट आवळला की तळ बोल्टाबरोबर फिरतो. सैल करा, सरकवा, आवळा, पुन्हा फिरला. बारीक आट्यांचा एक स्क्रू बसवला असता तर कितीसा खर्च वाढला असता? मापपट्टी म्हणून दिलेला कागद तर झेरॉक्सचा वाटतो. तो खरोखर प्रमाणात आहे का हे पाहायला मी स्टीलची पट्टी लावली. नाही.

मग तारा. कार्ट्रिजच्या मागून लाल, हिरवी, पांढरी, निळी अशा चार बारीक तारा निघतात आणि गाडीबरोबर त्यांना प्रवास करावा लागतो. एकही तार जरा ताठ असली की ती स्प्रिंगचं काम करते. कडेला गाडी आत ढकलते, लेबलजवळ पोचली की मागे ओढते. हे मी अंदाजाने बोलत नाहीये. टॉर्च लावून, मोबाईलची मॅक्रो लेन्स समोरून रोखून बघितलंय: रेकॉर्डच्या सुरुवातीला कँटिलिव्हर किंचित डावीकडे कललेला, मध्यावर सरळ, शेवटी उजवीकडे. तारांचा फास थोडा मोठा करून वर टांगला की हा कल कमी होतो. पण ही गोष्ट पुस्तिकेत का नाही? पुस्तिकेत आहे काय तर "तारा मोकळ्या राहतील याची काळजी घ्यावी." घेतो हो काळजी! किती मोकळ्या, कुठे टांगलेल्या, केवढ्या फासाच्या, ते सांगा ना!

जुन्या बाजारातून आणलेल्या रेकॉर्डी लावल्या की आणखी एक गोष्ट उघडी पडते. कितीतरी रेकॉर्डींचं भोक मध्यावर नसतंच. अर्धा मिलिमीटर सरकलेलं भोक असलं की गाडी दर फेरीला, म्हणजे 1.8 सेकंदांत, एक मिलिमीटर आत जाते आणि तेवढीच परत येते, आणि त्यातून तिची खरी प्रगती होते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याची. तानपुराही तेवढा डुलतो. लेबलजवळ वर-खाली प्रत्येकी जवळपास अर्धस्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा. हा दोष रेकॉर्डी दाबून बनवणाऱ्यांचा, आर्मचा नाही. पण आर्मने निदान त्यात भर घालू नये ना! इथे जाणकार म्हणवणारे लगेच "गाडी जड आहे" म्हणून मोकळे होतात. गणित करा की जरा. एवढ्या हळू डुलण्यात वजनाचा वाटा तीसएक मिलिग्रॅमचा, किरकोळ. खरा शत्रू घर्षण. गाडी दिशा बदलताना क्षणभर अडते, सुई तेवढी वाकते, मग गाडी सुटते. पुण्याच्या पावसाळ्यात दांडीवर दमटपणा आणि धूळ बसली की हे अडणं दुप्पट. लिंट न सोडणाऱ्या फडक्याने, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती काच मी दर बैठकीआधी पुसते. हवेच्या बेअरिंगवर तरंगणारे आर्म हे घर्षण जवळपास संपवतात, पण तिथे कॉम्प्रेसर, नळ्या, गाळण्या, आणि सुई खाचेत असताना वीज गेली की गाडी दांडीवर बसलीच.

सगळ्यात जास्त संताप याचा येतो की हे प्रश्न कधीच सुटले होते. बँग अँड ओलुफसेनचा बिओग्राम 4000 हा रेकॉर्ड प्लेअर 1972 सालचा. कोन बिघडल्याचं यंत्रालाच कळायचं आणि मोटर आर्म पुढे सरकवायची. 1979 च्या टेक्निक्स एसएल-10 मध्ये आर्म झाकणातच होता. रेकॉर्ड ठेवा, झाकण लावा, बटण दाबा. कार्ट्रिज प्लगसारखं नुसतं खोचायचं, भार ठरलेला सव्वा ग्रॅम, लावायला काही नाहीच. ते यंत्र उभं करून ठेवलं तरी वाजायचं! आणि मी इथे कागदाचे तुकडे घालून रेल समतल करतेय. नाकामिचीच्या 1981 च्या टीएक्स-1000 ने तर सरकलेलं भोक मोजून प्लॅटर स्वतःच मध्यावर आणून दाखवला होता. तो महागडा होता, ठीक. पण एसएल-10 घरात वापरायची वस्तू म्हणून विकली जात होती. चाळीस वर्षांनंतर त्याच तत्त्वाची अर्धवट वस्तू जास्त पैशांत विकायची, उरलेलं अर्धं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं, आणि वर त्याला "हाय-एंड" म्हणायचं. ही लूट आहे.

आणि तक्रार केली की ठरलेलं उत्तर: "कानाने ऐकून लावायचं असतं मॅडम." कानाने पाव ग्रॅमची ओढ कुठल्या दिशेला आहे ते सांगून दाखवा मला. कानाला फक्त काहीतरी बिघडलंय एवढं कळतं. उतार, तारा, घर्षण, कोन यांतलं नक्की काय, ते मोजूनच कळतं. मोजायची साधनं डब्यात द्या. एक नीट पाणसळ, बारीक आट्यांचे दोन स्क्रू, धातूची मापपट्टी, तारांच्या फासाची आकृती. एवढं मागतेय मी.

मी आता इंजिनिअरच्या पाणसळीवर खर्च केलाय, मीटरला पाव मिलिमीटरचा फरक दाखवणाऱ्या. पुढच्या आठवड्यात ती पर्समध्ये टाकून त्या दुकानात जाणार आहे. त्यांच्या डेमोच्या आर्मच्या रेलवर सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ती ठेवणार आणि मग विचारणार, जशी कापली तशी वाजते का ते.